दुसरा बाक, खिडकीकडून

आमच्या भूगोलाच्या बाई जगातली कुठलीही गोष्ट विसरू शकत होत्या, फक्त विद्यार्थी विसरू शकत नव्हत्या. छत्री, स्कूटीची चावी, गॅसवर ठेवलेलं दूध, स्वतःचा वाढदिवस, यांतलं काहीही त्यांच्या डोक्यात टिकत नसे. चष्मा शोधायला त्या चष्मा लावूनच निघत. पण त्यांच्या वर्गात एकदा बसून गेलेला पोरगा वीस वर्षांनी दाढी आणि पोट वाढवून समोर आला, तरी त्याची सुटका नव्हती. नाव आठवेलच असं नाही. "नावं काय, आईबाप ठेवतात," असं त्या म्हणत. त्यांच्या लक्षात माणूस राहायचा तो त्याच्या बाकावर बसलेला, डब्यासकट. एकदा माळव्यातल्या आमच्या शहरात, विजय नगरच्या एका बँकेत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरसाहेब दोन गिऱ्हाइकांना काहीतरी गंभीरपणे समजावत होते. बाई थेट आत शिरल्या आणि म्हणाल्या, "अरे, चौथा बाक, भिंतीकडून! लौकी की सब्जी!" मॅनेजर खुर्चीतून ताडकन उठला. "बैठिए ना मैडम," तो पुटपुटला. "तू बैठ, अब तेरी कुर्सी है," बाई म्हणाल्या आणि त्याचा टाय सरळ करून बाहेर आल्या. बँकेतलं काम काय होतं ते त्या विसरल्या होत्या. ते आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन केलं.

मी त्यांचा दुसरा बाक, खिडकीकडून. पुढे त्याच शाळेत मी कंप्युटर शिकवायला लागलो, तरी माझी बढती काही झाली नाही. शाळेत सगळे त्यांना मॅडम म्हणत, आम्ही मराठी घरांतले बाई म्हणायचो, आणि त्या मला स्टाफरूममध्ये, मैदानावर, आठवीच्या अख्ख्या वर्गासमोर "काय रे दुसऱ्या बाका" अशी हाक मारत. मी कानापर्यंत लाल होत असे. शेवटी प्राचार्यांनी त्यांना हळूच सुचवलं, "मैडम, बच्चों के सामने तो इन्हें सर कहिए." बाई म्हणाल्या, "कहूँगी जी, जिस दिन ये खिड़की से बाहर देखना छोड़ेगा." मी तेव्हा नेमका खिडकीबाहेर पाहत होतो.

शाळेत स्मार्ट बोर्ड आले तेव्हा ते सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी पहिल्या दिवशी काय केलं, तर त्या लखलखीत बोर्डावर दोन चिमटे लावून आपला जुना कापडी नकाशा टांगला. मी हबकलो. त्या म्हणाल्या, "बोर्डवर नकाशा दाखवा म्हणालास ना? दाखवला." पण उपग्रहातून दिसणारी जमीन एकदा त्यांना दाखवली मात्र, आणि बाई त्या बोर्डाच्या प्रेमातच पडल्या. सातवीच्या वर्गाला त्यांनी अमरकंटकपासून भडोचपर्यंत नर्मदेच्या काठाकाठाने नेलं. त्याला सात तास लागले आणि परीक्षेचे दोन धडे वाहून गेले. मग पोरांनी हट्ट धरला, मॅम, आमचं घर दाखवा. बाईंनी एकेकाचं घर बोर्डावर शोधायला सुरुवात केली. गल्ली, गेट, गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळं. मी धावत जाऊन ते थांबवलं. ऑनलाइन सुरक्षा हाही माझाच विषय होता. मी म्हणालो, "बाई, मुलांचे पत्ते असे सगळ्यांसमोर दाखवायचे नसतात." त्या म्हणाल्या, "अरे, काय बात करतोस! पत्ता कळला तर काय होईल? चहाला येतील."

हजेरी मोबाइलच्या अॅपवर घ्यायचा नियम झाला. बाई अॅपवर घ्यायच्या आणि मग पुन्हा तोंडी घ्यायच्या. वेळ जातो अशी तक्रार आली, तर म्हणाल्या, "तिसऱ्या बाकावरची पोरगी हजर आहे, पण आज आलेली नाही. हे तुझ्या अॅपला समजतं का?" त्या पोरीची आजी आदल्या दिवशी गेली होती. अॅपमध्ये तिच्यापुढे हिरवी खूण होती.

आणि पासवर्ड! दर महिन्याला बदलायचा, कुणाला सांगायचा नाही, असं मी बजावलं होतं. बाईंनी माळव्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या नद्या घेतल्या. एका महिन्यात चंबळ, पुढच्या महिन्यात क्षिप्रा, मग कालीसिंध, मग पार्वती. स्टाफरूममध्ये शिपाईसुद्धा विचारायचा, "मैडम, अभी कौन सी नदी चल रही है?" एका सकाळी बाईंच्या खात्यावरून सगळ्या आठवीला सूचना गेली की या आठवड्याचा गृहपाठ माफ. पुढची नदी ओळखून खात्यात शिरलेल्या पोराला पकडून मी बाईंकडे घेऊन गेलो. बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे याला नद्या क्रमाने पाठ झाल्या!" असं म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली. मी कपाळाला हात लावला.

आता हसून सांगतो आहे खरा, पण पुढचं सांगताना हसू येत नाही.

शिक्षकांसाठी मी ऑनलाइन सुरक्षेचं ट्रेनिंग घेतलं होतं. एकदा नाही, दोनदा. मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड म्हणजे घराची चावी, ती अनोळखी माणसाला द्यायची नाही, असं पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. बाईंनी शाळकरी पोरासारखं बोट वर केलं. "आणि ओळखीचा असला तर?" सगळे हसले. मीही हसलो. "ओळखीचा माणूस मागणारच नाही, बाई," असं म्हणून मी पुढच्या पानावर गेलो. त्या दोन ट्रेनिंगांत विचारला गेलेला तो एकच शहाणा प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळलं.

काही आठवड्यांनी मधल्या सुट्टीत बाईंना फोन आला. "मैम, पहचाना? आपका स्टूडेंट बोल रहा हूँ." बाईंनी ओळखलं नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. त्यांनी मनातल्या मनात सगळे बाक धुंडाळले म्हणे, पहिल्या रांगेपासून शेवटच्या भिंतीपर्यंत. तो आवाज कुठेच बसेना. आणि त्या शरमल्या. ओळखलं नाही हे तोंडाने म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. पोरगा म्हणाला, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप बनवतोय, तुम्हाला एक कोड येईल तो सांगा. न ओळखल्याची भरपाई म्हणून बाईंनी तो लगेच सांगितला, वर "और बेटा, घर में सब ठीक?" असंही विचारलं.

पाचव्या मिनिटाला त्यांचं व्हॉट्सअॅप त्यांचं राहिलं नाही. त्यांच्या नावाने, त्यांच्या फोटोसकट, गावभरच्या जुन्या विद्यार्थ्यांना मेसेज गेले. "बेटा, एक कोड आएगा, ज़रा भेज दो." आणि पोरांनी पाठवले. ज्यांनी शाळेत असताना एकदाही वेळेवर गृहपाठ दिला नव्हता, त्यांनी मिनिटाच्या आत कोड पाठवले. कुणी काही विचारलं नाही. मॅडमनी मागितलंय म्हटल्यावर विचारायचं काय? संध्याकाळपर्यंत एकामागून एक कितीतरी जणांची खाती गेली, आणि त्या प्रत्येकाच्या नावाने पुढच्या लोकांना मेसेज जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी बाईंवर ओरडलो. सगळ्यांसमोर. "दोन वेळा ट्रेनिंग दिलं होतं, मॅडम! आठवीच्या पोराला समजतं ते तुम्हाला समजू नये?" बाई म्हणाल्या, "मला शरम वाटली रे. ओळखलं नाही म्हटलं असतं तर त्याला किती बुरा वाटलं असतं." मी म्हणालो, "तो चोर होता!" त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि हळूच म्हणाल्या, "हो सर. गलती झाली."

सर. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मी मनातून कुढत होतो, तो मिळाला तो असा. त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या बाका म्हणून कधीच हाक मारली नाही. रागाने नव्हे. त्यांना खरंच वाटत होतं की आता तसं म्हणायचा आपला हक्क राहिला नाही.

आणि जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते आता लिहून टाकतो. तो मेसेज मलाही आला होता. मी वर्गात होतो. बाईंचं नाव दिसलं आणि मी, शहरातल्या शिक्षकांना सुरक्षा शिकवणारा मी, शिकवता शिकवता अंगठ्याने सहा आकडे टाइप करून पाठवले. माझ्या खात्याला कोडशिवाय आणखी एक पिन लावलेला होता, म्हणून ते वाचलं. शहाणपणाने नाही, दुसऱ्या कुलपाने वाचलो. त्या सकाळी मी इतक्या मोठ्याने ओरडलो ते त्याचसाठी. बाईंना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की बाई, मीसुद्धा पाठवला. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं.

त्या सत्राच्या शेवटी बाई निवृत्त झाल्या. शेवटचा तास आठवीवर होता. मी दाराशी उभा होतो. त्यांनी नकाशा काढला नाही, नदी काढली नाही. स्मार्ट बोर्डावर बोटाने, वेड्यावाकड्या अक्षरांत, एक ओळ लिहिली: मैं माँगूँ तो भी मत देना. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "समझे? मैं भी माँगूँ, तो पहले पूछना कि कौन बोल रही है." मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "पर मैम, आपको कौन नहीं पहचानेगा?" ज्या बाईने आयुष्यभर पोरांना ओळख शिकवली, तिला शेवटच्या तासाला असं शिकवावं लागलं. मला तिथे उभं राहवेना, मी निघून आलो.

निवृत्तीनंतर त्या शहराजवळच्या राऊ गावी धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथे त्यांनी स्वतःची सुरक्षा पद्धत सुरू केली. कुणाही विद्यार्थ्याचा फोन आला की आधी एक प्रश्न. उत्तर बरोबर असेल तरच पुढचं बोलणं. पोलोग्राउंडला वर्कशॉप चालवणाऱ्या एकाने मला त्याची गंमत सांगितली. त्याने दिवाळीला फोन केला. बाई म्हणाल्या, "तेरे डिब्बे में क्या होता था?" तो म्हणाला, "पराठे, मैम." "ग़लत!" आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी हा बिचारा पोहे-जिलेबीचा पुडा घेऊन स्कूटरवर राऊला हजर. बाईंनी दार उघडून त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तेरा डिब्बा था ही नहीं. तू पड़ोसी का खाता था." तो सांगत होता, "भिया, मैं तो हँसते-हँसते रो दिया. मुझे खुद याद नहीं था."

मी मात्र फोन केला नाही. कितीदा नंबर काढला आणि ठेवून दिला. एक तर ते गिळलेलं वाक्य घशाशी होतं. दुसरं म्हणजे मला भीती वाटायची. बाई प्रश्न विचारतील. माझ्या डब्यात काय असायचं, सहलीला मी काय हरवलं, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. चूक म्हणून त्यांनी फोन ठेवला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, उत्तर बरोबर आलं आणि त्या पलीकडून "बोला सर" म्हणाल्या तर? असं करत करत दोन वर्षं गेली. मग एका सकाळी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून कळलं की बाई झोपेतच गेल्या.

तेराव्यानंतर मी राऊला गेलो. बहिणीने चहा दिला आणि एक रजिस्टर पुढे ठेवलं. "हे शाळेचं आहे बहुतेक. बघा जरा." शाळेचंच होतं, हजेरीचं. अॅप आल्यावर कोऱ्या रजिस्टरांचा गठ्ठा रद्दीत निघाला होता, त्यातलं. तारखांच्या चौकोनांवरून बाईंनी नवे रकाने आखले होते. बाक, प्रश्न, उत्तर, शेरा. पहिला बाक, दाराकडून: मांडूच्या सहलीत काय हरवलं? डावी चप्पल. तिसरा बाक, मधली रांग: डब्यात काय? डबाच नव्हता. पानंच्या पानं भरलेली. ज्या बाईला गॅसवरचं दूध आठवत नव्हतं, तिने हे सगळं आठवून, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं, पुन्हा कुणी आपल्याला फसवू नये म्हणून नाही, तर आपल्यामुळे पुन्हा कुणी पोर फसू नये म्हणून.

मी माझी ओळ शोधली. सापडायला वेळ लागला, कारण सारखं डोळ्यांपुढे धूसर होत होतं. दुसरा बाक, खिडकीकडून. पुढे प्रश्नाचा रकाना कोरा. उत्तराचा कोरा. बरोबरच आहे, मी मनात म्हटलं, आपल्याला यादीतून काढलं. मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षर दिसलं. "विचारायचं नाही. आवाज ओळखते."

बहीण आतून डोकावली. "मिळालं का तुमचं नाव?"

मिळालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.