जिपारगुलने नाव घेतलं

कोक-जार गावात जिपारगुलसारखी मर्यादशील सून दुसरी नव्हती, हे तिच्या वाईटावर असलेल्या बायकाही कबूल करत. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, एवढं तर सगळ्याच सुना पाळतात. पण हिच्या सासऱ्याचं नाव कोझुबेक, आणि कोझु म्हणजे कोकरू. म्हणून ही बाई कोकरालासुद्धा 'मेंढीचं लेकरू' म्हणायची. हीच बाई जिल्ह्याच्या आपत्ती खात्यात नोकरीला होती, गुडघाभर चिखल तुडवत डोंगर चढायची आणि साहेबांना फाडफाड बोलायची.

त्या वसंतात बर्फ वितळलं आणि वरच्या आळीमागच्या उतारावर भेग पडली. जिपारगुलने भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि मध्ये दोरी ताणून बांधली. दोरी तुटली. नवी बांधली, तीही तुटली. उतार सरकत होता, आणि त्याच्या पायथ्याशी पहिलं घर कोझुबेकचं होतं. म्हातारा महाहट्टी. तो हलल्याशिवाय आळीतलं कुणी हलणार नव्हतं.

गावाच्या क्लबात सभा भरली. ज्याचं घर धोक्यात, त्याचं नाव उतार तपासणाऱ्याने, म्हणजे जिपारगुलने, सभेत पुकारायचं, तरच खाली मैदानात जागा मिळते, असा नियम. सरपंच ताशपोलोतला गाव फुटायला नको होतं. अर्ध्या गावाच्या सरपंचाला कोण विचारतो? तो मिशीतल्या मिशीत हसला.

"सांग की मग सूनबाई, सगळ्यात वरचं घर कुणाचं?"

"आमचं."

"आमचं म्हणजे? नाव लागतं, नाव!"

"मेंढीच्या लेकराचं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे पुरुष खो खो हसले.

पुढच्या बाकावर कोझुबेक गुडघ्यावर पांढरी टोपी ठेवून बसला होता. "चल घरी," तो गुरगुरला. "माझ्या आज्यापासून डोंगर जागचा हलला नाही."

जिपारगुलची कानशिलं तापली. या हसणाऱ्यांची पोरंही त्याच उताराखाली झोपत होती.

"डोंगर मर्यादा पाळत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि मग खिडक्या थरथरतील एवढ्या आवाजात, "कोझुबेक! मुरातालीचे चिरंजीव कोझुबेक! तुमच्या घरावर दरड येतेय. आजच्या आज खाली उतरा!"

"लाज कोळून प्यायली!" एक म्हातारी पुटपुटली.

तशी जिपारगुलची सासू पदराआडचा हात बाहेर काढून ताडकन उठली. "प्यायली तर प्यायली! माझंही नाव घे गं पोरी. हे नाही आले तर मी एकटी उतरते."

"उलकान," जिपारगुल म्हणाली. या वेळी मात्र हळू आवाजात.

कोझुबेकने सावकाश टोपी डोक्यावर चढवली. आता हा शिव्याशाप देणार, असं सगळ्यांना वाटलं.

"घरात आल्यापासून हिने कोकराला कोकरू म्हटलं नाही," तो ताशपोलोतकडे बघून म्हणाला. "आज माझं नाव घेतलंय. म्हणजे डोंगर येतोय. उठा रे, गाड्या जुंपा."

दारात तो थांबला आणि सुनेकडे वळला.

"पुन्हा माझं नाव घेतलंस तर बघ!"

"पुन्हा भेग पडली तर घेईन," जिपारगुल म्हणाली.