झिंडेलफिंगेनमध्ये लाल शाई

श्टुटगार्टच्या विमानतळावरून निघून अर्धा तासही झाला नसेल, तोच माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "आई, हे आमचं झिंडेलफिंगेन." आधी दिसला तो मोटारींचा कारखाना. तो संपता संपेना. मग लाकडी चौकटींची जुनी घरं लागली, खिडक्याखिडक्यांत लाल फुलं, आणि रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे चक्क संगमरवराचे. आमच्या बार्शीत संगमरवर देवघरात बसवतात. इथे लोक त्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन खुशाल चालले होते. मी पहिलं पाऊल जरा अंग चोरूनच टाकलं.

मुक्काम तीन महिन्यांचा होता. मुलगी आणि जावई साडेसातलाच घराबाहेर पडत. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला दिवसभर गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच. म्हणून पहिल्याच रविवारी मी एक काम अंगावर घेतलं. ओट्याखाली जॅमच्या आणि तेलाच्या रिकाम्या बाटल्या साठल्या होत्या. इतक्या चांगल्या झाकणांच्या बाटल्या टाकणं माझ्या जिवावर आलं होतं, पण कोपऱ्यावर काचेसाठी मोठी पिंपं आहेत, तिथे टाकतात, असं मुग्धाने सांगितलं होतं. मी त्या धुऊन-पुसून नेल्या. दोन टाकल्या असतील-नसतील, तोच मागून खणखणीत आवाज आला.

"नाइन (नाही)! आज झोनटाग (रविवार) आहे. आज काच टाकायची नाही, आवाज होतो." पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी तेच अडखळत्या इंग्रजीत सांगितलं आणि वर म्हणाले, "शिवाय हिरवी बाटली बिनरंगी काचेसाठीच्या पिंपात टाकलीत. तेही चूक."

उरलेल्या बाटल्या घेऊन मी घरी आले, कान लाल झालेले. मुग्धा हसायला लागली. "गेनाऊ (अगदी बरोबर), आई, रविवारी इथे शांतता पाळतात. ते खालच्या मजल्यावरचे हेर (म्हणजे श्रीयुत) केलर. चूक दिसली की तोंडावर सांगतात आणि सांगून झालं की विसरतात."

मी काही विसरले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच हेर केलर दारात उभे. हातात त्स्वेच्गनकूखन (जांभळ्या आलुबुखारांचा केक) होता. आंबटगोड, वर साखर भुरभुरलेली. माझा राग पहिल्या घासालाच विरघळला.

त्यांचं काम माझ्याकडेच होतं; मी इंग्रजी शिकवायचे हे मुग्धाने त्यांना सांगितलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी आना तीन आठवड्यांनी आयर्लंडमध्ये लग्न करणार होती. नवऱ्याकडच्या मंडळींना जर्मन येत नव्हतं आणि वधूच्या वडिलांना भाषण करायचं होतं. "माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली," ते म्हणाले. "आनाची आई कशी होती, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. सांगणारा मी एकटाच."

रोज चारच्या ठोक्याला त्यांच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. टेबलावर कॉफी, भिंतीवर बायकोचा फोटो. पहिलंच वाक्य होतं, "आय हॅव मेट युअर मदर इन अ ट्राम." जर्मन माणूस बोलताना घडून गेलेली गोष्ट बहुधा 'हॅव' लावूनच सांगतो आणि इंग्रजीतही ते तसंच नेतो. इंग्रजीला मात्र तिथे नुसतं 'मेट' लागतं. बार्शीच्या आठवीच्या वर्गात मी खडू फेकला असता. पण इथे मी पाहुणी, समोर वयाने मोठा माणूस, बायकोबद्दल सांगताना त्याचे डोळे भरलेले आणि माझ्या बशीत त्याचाच केक. चुका कोणत्या तोंडाने काढायच्या? मी "व्हेरी गुड" म्हणत राहिले. आपल्याकडे यालाच माणुसकी म्हणतात.

बारा दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी ते दारात आले, या वेळी केक नव्हता. मोटारींच्या कारखान्यातल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने भाषण वाचून कागदभर खुणा केल्या होत्या.

"फ्राउ (श्रीमती) देशपांडे, या चुका तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी आनासमोर, सगळ्यांसमोर असाच उभा राहिलो असतो. बाटल्यांचं मी तुम्हाला लगेच सांगितलं होतं ना? मला वाटलं, तुम्हीही मला सांगाल."

मला इतकी लाज बत्तीस वर्षांत वाटली नव्हती. मी आत गेले, पर्समधला लाल पेन काढला आणि त्यांच्यामागून जिना उतरले. हातात आठ दिवस होते.

मग मात्र मी बार्शीची बाई झाले. मेट, वेंट, सँग, पाढ्यांसारखं घोकून घेतलं. गावातल्या तळ्याला फेऱ्या मारताना प्रत्येक बाकापाशी थांबून त्यांनी काल काय केलं ते सांगायचं, चुकलं की मागच्या बाकापासून पुन्हा. "आल्झो (तर मग), पुन्हा," म्हणत ते खुशीत मागे फिरायचे. बदकंसुद्धा आम्हाला ओळखू लागली. एकदा स्वयंपाकघरात ते वाचत होते, "शी हॅज लव्ह्ड प्लम केक." मी म्हटलं, "हेर केलर, नुसतं 'लव्ह्ड'." त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि तसं म्हटलं. 'हॅज' चाललं असतं ते ती हयात असती तर. मी पुढच्या चुकीवर बोट ठेवलं.

आयर्लंडहून हेर केलर परतले ते थेट आमच्याकडे आले. कागद खिशातून काढावाच लागला नव्हता. ट्रामच्या गोष्टीला मंडप हसला होता, आना रडली होती. "तिची सासू नंतर जवळ आली," ते म्हणाले, "आणि म्हणाली, तुमच्या बायकोला भेटायला मला फार आवडलं असतं." एवढं सांगून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

निघायच्या दिवशी माझी बॅग त्यांनीच खाली आणली. जावयाने ती गाडीत चुकीची ठेवली म्हणून त्याला पुन्हा काढायला लावली. मला आलुबुखाराच्या मुरंब्याची बाटली दिली आणि बजावलं, "रिकामी झाली तरी टाकू नका."

आता तिच्यात माझा गोडा मसाला असतो. फोडणीच्या वेळी झाकण उघडलं की तळ्याकाठचे बाक आठवतात. समोरच्याचं मन राखण्यात मी आयुष्य घालवलं. त्याच्यावर विश्वास ठेवून खरं सांगणं मात्र मला परक्या गावातल्या शेजाऱ्याने शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. दोन पानं, इंग्रजीत, डावीकडे चांगला चार बोटं समास सोडलेला. कशासाठी ते मला लगेच कळलं. मी लाल पेन घेऊन बसले. अकरा चुका निघाल्या. अकरावी शेवटच्या ओळीत होती, माझे आभार मानले होते त्याच वाक्यात. मी डोळे पुसले, ती चूक दुरुस्त केली आणि तेच पत्र त्यांच्या पत्त्यावर परत पोस्टात टाकलं.