कावळ्याला दिलेला शब्द

बारवी धरणाच्या अलीकडे आमचं गाव. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. पकडले गेले, इटलीतल्या छावणीतून पळाले आणि जर्मनांचा अंमल असलेल्या त्या मुलखात एका शेतकरी जोडप्यानं त्यांना हिवाळाभर गवताच्या माळ्यावर लपवलं. घरधनीण मक्याचं घट्ट पिठलं शिजवून वर पाठवायची. तिनं आपला पत्ता आबांकडून पाठ करून घेतला. कागद सापडला तर सगळेच मेले असते. एका सकाळी जर्मन शिपाई आले. घरधनी पुढच्या दारात मुद्दाम हुज्जत घालत राहिला, तेवढ्यात तिनं आबांना मागच्या वाटेनं डोंगरात पिटाळलं. त्या घरधन्याचं पुढं काय झालं, हे आबांना कधी कळलं नाही.

ऐंशीनंतर मी अंबरनाथ पूर्वेला एका ऑफिसात टायपिस्ट झालो. आबा दर भेटीला म्हणायचे, "सायबाची येवढी पत्रां बडवतंस, माझा येक लिव ना रं. इचार, तो सुटला का? आन सांग, मी पोचलो."

मी "लिहितो की" म्हणायचो. पत्ता कॅलेंडरच्या पाठीवर उतरवूनही घेतला. पण खरं सांगतो, मला ती निम्मी थाप वाटायची. कुठं आमचे भात लावणारे आबा आणि कुठं इटली!

आबा गेले. दहाव्याला उल्हास नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, म्हैस विकणार नाही. सून म्हणाली, नातीचं लग्न थाटात करू. कावळे ढिम्म. ऊन चढलं तसा मी पुढं झालो. "आबा, पत्र टाकतो." शब्द तोंडातून निघाला आणि कावळ्यानं घास उचलला. मला रडूच फुटलं.

आणि तरीही मी पत्र टाकलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. नऊ वर्षं गेली. शिरगावच्या नव्या ब्लॉकमध्ये सामान लावताना ते कॅलेंडर हाती आलं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी पत्र टाईप करून टाकलं.

उत्तर नातवाचं आलं, मोडक्या इंग्रजीत. आजोबांना त्याच सकाळी अंगणात गोळी घातली होती. आजी मात्र शेवटपर्यंत विचारायची, तो माणूस घरी पोचला का? गेल्याच वर्षी वारली.

त्यांच्यात पिंड ठेवत नाहीत. ठेवला असता, तरी तिला सांगायला त्या घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. ते माझ्याकडे होतं.