ट्रकमागचं आभाळ

थिनरचा वास आला की मला चाकणच्या कांदा मार्केटमागचं माझं पत्र्याचं शेड आठवतं, आणि तो बीडकडचा ट्रकवाला. तेव्हा मी ट्रकच्या मागच्या फाळक्यावर देखावे रंगवायचो: डोंगर, नदी, झोपडी आणि झोपडीकडे परतणारी पाखरं. घरात जेवढी माणसं तेवढी पाखरं, असा ट्रकवाल्यांचा हट्टच असायचा. मूल झालं की पेढे घेऊन यायचे आणि एक पाखरू वाढवून न्यायचे. या बीडवाल्याचं धाकटं पाखरूही मीच रंगवलेलं. त्या दुपारी तो रिकाम्या हातानं आला. "भाऊ, एक कमी करायचंय," म्हणाला. मी खाली बघतच विचारलं, "कुठलं?" त्यानं फाळक्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि सगळ्यात मागच्या, इवल्याशा पाखरावर बोट ठेवलं. मी निळा कालवला आणि त्यावरून ब्रश फिरवला. पण जुनं आभाळ उन्हानं विटलेलं, नवा निळा गडद. पाखरू झाकलं गेलं आणि त्या जागी पाखराहून मोठा डाग उठून दिसायला लागला. मी ओशाळलो. म्हटलं, "थांबा, सगळं आभाळच नव्यानं मारून देतो." त्यानं माझा हात धरला. "नको राव. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या." आता ट्रकांवर छापील स्टिकर आलेत आणि मी कंपनीत बंपर रंगवतो. तरी कधी आमची बस एखाद्या जुन्या रंगवलेल्या ट्रकमागे अडकते. तेव्हा मी पाखरं बघत नाही, आभाळ बघतो.