ताईच्या लाइनवरचा स्क्रीन

दिघीत आम्ही दोघी बहिणी एका खोलीत राहायचो, ते दिवस हल्ली मला फार आठवतात. ताई चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत होती, कायम पहिल्या शिफ्टला. मी इंजिनिअरिंग संपवून ताथवड्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. आई-वडील गावी, धाराशिवकडे. मी घरी पोचेपर्यंत ताई अंघोळ करून बसलेली असायची. मला बघितलं की चहा टाकायची आणि मग दिवसभराचं सगळं सांगायला लागायची.

आमची कंपनी कारखान्यात मशीनजवळ लावायचे टच स्क्रीन बनवायची. त्यावर दिसायची ती वेब पानंच. ती दाखवायला आत एक ब्राउझर इंजिन होतं, जगभरचे लोक मिळून लिहितात तसलं, सगळ्यांना खुलं. योगायोग असा, की ताईच्या लाइनवर आमचाच स्क्रीन होता.

"तुमचा तो डबा बटण दाबलं की नुसता विचार करायलाय," ताई एकदा चिडून म्हणाली. "काही होईना म्हणून परत दाबावं, तर कामाच्या दोन पायऱ्या पुढं पळतोय. मग सुपरवायझर माझ्यावरच ओरडायलाय."

मी हसले, पण ते लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्या टीमच्या लीडना सांगितलं. ते भोसरीचे, जुन्या शेतकरी घरातले, आवाज मोठा पण माणूस मायाळू. ते म्हणाले, "मग तूच बघ की राव. कुठं वेळ खातंय ते हुडक."

हुडकायला बरेच दिवस गेले. वेळ जात होता तो पानावरच्या कुठल्या भागाला कुठला रंग, किती जाड अक्षर, हे ठरवण्यात. वेब पान म्हणजे एकात एक ठेवलेले डबे. आणि नियम असे, की 'इशाऱ्याच्या चौकटीतली ओळ लाल दाखव'. इंजिन असा नियम शेवटाकडून तपासतं. आधी बघतं, ही ओळ आहे का. असेल, तर तिच्या बाहेरच्या डब्याकडे जातं, मग त्याच्या बाहेरच्या, असं पार वरपर्यंत, इशाऱ्याची चौकट सापडतेय का ते बघत. बहुतेक वेळा ती नसायचीच. तरी प्रत्येक ओळीसाठी, प्रत्येक नियमासाठी ही चढण ठरलेली. मोठ्या इंजिनांनी यावर कधीच उपाय केला होता, आमच्या इंजिनात तो नव्हता.

उपाय असा, की पान वरून खाली तपासताना वाटेतल्या सगळ्या डब्यांच्या नावांच्या छोट्या खुणा जवळ ठेवायच्या. नियमातल्या चौकटीची खूण त्यांत नसेल तर चढायचंच नाही. असेल तर मात्र खात्री करायला चढायचं, कारण दोन नावांची खूण कधी कधी एकच निघते.

ते लिहून झालं आणि ऑफिसातल्या स्क्रीनवर बटण दाबताक्षणी पान बदललं. मी जागेवरून ओरडलेच. लीड आले, त्यांनी मुद्दाम खोटा बिघाड करून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लाल कुठं गेलं? हे न्हाई चालायचं. उद्या मशीन बिघडलं तर पोरींना कळायचं कसं?"

मी परत कोड उघडून बसले. पानाचा मधलाच एखादा तुकडा बदलला, की इंजिन तपासणी तिथूनच सुरू करायचं. त्याच्या वरच्या डब्यांच्या खुणा मी आधी भरतच नव्हते. त्यामुळे इशाऱ्याची चौकट असूनही इंजिनाला ती नाही असंच वाटायचं. मधून सुरुवात करताना आधी वरच्या खुणा भरायच्या, एवढी दुरुस्ती केली आणि लाल परत आलं. त्या दिवशी लीडनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला.

नवं व्हर्जन चाकणला बसलं, त्या संध्याकाळी मी घाईघाईने घरी आले. ताई मैत्रिणीच्या साखरपुड्याबद्दल बोलत होती. साड्या झाल्या, जेवणाचा बेत झाला, स्क्रीनचं नावच नाही. शेवटी मीच विचारलं.

"अगं व्हय की," ती म्हणाली. "आज एकदा दाबलं की लगेच जात होतं. कुणी तरी नीट केलाय वाटतं."

"मी केलाय."

ताईने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तू हे करायलीस व्हय? आणि मला वाटलं, साहेबानं काही कामच दिलं नाही तुला." आणि इतकी हसली, की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

पुढे तो बदल आम्ही मूळ इंजिनालाही दिला. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसाने तो बारकाईने तपासला, चाचण्या वाढवायला लावल्या आणि घेतला. आता तो भाग कुणी तरी माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय. मध्यंतरी वाचला, आवडला.

ताई लग्न होऊन लातूरला गेली. मी पिंपळे गुरवला फ्लॅट घेतलाय, काम घरूनच चालतं. संध्याकाळचा चहा स्वतःच करून घेते. ताईशी रविवारी फोनवर बोलणं होतं, पण तेव्हा दोघींपैकी एकीला तरी स्वयंपाकाची घाई असते.