डावीकडे वळणारा पोलिश फिटर

उजवीकडे वळता न येणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तोही कुठे, तर दुबईत, देरा भागातल्या गॅरेजात, माझ्याच शेजारी स्पॅनर चालवताना! रत्नागिरीहून बोटीने उतरलो तेव्हा वाटलं होतं, इथे आपणच काय ते परके. तर हा पोलंडचा गडी, लालबुंद, एक पाय ओढत चालणारा, शेठशी हिंदीत भांडत होता. आधी पोलंडात आणि मग इंग्लंडात त्याने मातीच्या गोल मैदानावर मोटारसायकलच्या शर्यती मारल्या होत्या. चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे, गिअर एकच आणि ब्रेक नावाची वस्तूच नाही. "ब्रेक डरपोक का काम है, हबीबी," असं म्हणायचा आणि गिऱ्हाइकाच्या गाडीचे ब्रेक मात्र दहादा तपासायचा.

वर्षानुवर्षं डावीकडे वळून त्याला दुसरी बाजू उरलीच नव्हती. चहात साखर ढवळणार ती उलटी. उजवीकडचं दुकान गाठायला तीनदा डावीकडे वळून येणार. तेव्हा इथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालायच्या आणि राउंडअबाउटला घड्याळाच्या काट्यांसारखा वळसा पडायचा. हा बाबा पिकअप घेऊन हटकून उलटा घुसायचा. समोरून हॉर्न, शिव्या, एखादा उंट बिथरलेला, आणि हा खिडकीतून सगळ्यांना हात करतोय! शेजारी बसून मी कलमा पढायचो.

पण एका गोष्टीवर तो कधी हसला नाही. इंग्लंडातल्या फायनलला, चौथ्या फेरीच्या अगदी शेवटच्या वळणावर तो पडला, पाय मोडला आणि शर्यत तिथेच राहिली. ती मोटारसायकल त्याने बोटीतून इथवर आणली होती. दर शुक्रवारी ताडपत्री काढायचा, तेल द्यायचा, इंजिन चालू करून नुसतं ऐकायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा.

"अरे, बस की एकदा!" मी वैतागून म्हणायचो.

"वो मोड अभी उधर ही खडा है, कादर."

मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

मग एका वर्षी सरकारी हुकूम निघाला, यापुढे गाड्या उजव्या बाजूने. म्हणजे राउंडअबाउटचा वळसाही उलटा, डावीकडचा! गावाची नुसती भंबेरी उडाली. "पहिल्या दिवशी कोणी गाडी काढायची नाही," शेठ म्हणाले. त्या दिवशी पहाटेची फज्रची नमाज पढून बाहेर आलो तर रस्ता ओस, आणि राउंडअबाउटपाशी ताडपत्री पडलेली. तो मोटारसायकलवर बसला होता.

"पूरा शहर मेरी तरफ आ गया, कादर! यल्ला!"

पहिली फेरी हळू. दुसरीत वाळू उडाली. तिसरीत गाडी आडवी झुकलेली आणि डावा पाय जमिनीला घासत चाललेला. चौथीच्या शेवटच्या वळणावर मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू? उघडले तेव्हा तो वळणाच्या पलीकडे होता, गाडीवरच, आणि लहान पोरासारखा रडत होता.

"खलास," एवढंच म्हणाला.

पुढे तो बहिणीकडे पोलंडला गेला. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. आता मी लेकीकडे अबुधाबीच्या खलिफा सिटीत असतो. अजून गाडी चालवतो, आणि रिकामा राउंडअबाउट दिसला की हात आपोआप डावीकडे वळत राहतो. मागून नात ओरडते, "नाना, यू मिस्ड द एक्झिट! अगेन!"

"थांब गं बाळा," मी म्हणतो, "तीनच झाल्यात. एक राहिली."