बाबा, वाढू नका

बाबांच्या हातातला पानगा सासूबाईंच्या ताटावर आला होता. सासूबाईंनी ताट मागे ओढलं. बाबा आणखी पुढे वाकले. त्यांना वाटलं, विहीणबाई लाजतायत.

“घ्या, घ्या. घरचंच हाय.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “अगं, सांग ना त्यांना.”

मग मी ओरडले. माझ्या बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. “बाबा, वाढू नका!”

बाबांना कमी ऐकू येतं. कामतघरच्या कापड कारखान्यात उभा जन्म लूम चालवले, त्या खडखडाटाने कान खाल्ले. एरवी आमच्या चाळीत शेजारी कोण काय बोललं ते कळत नाही. पण दिवाळीत कारखाने बंद. गल्ली शांत. माझं ओरडणं पार शेवटच्या खोलीपर्यंत गेलं असणार.

बाबा तसेच उभे. हातात पानगा. हळदीच्या पानातून वाफ येत होती.

माझा पहिला दिवाळसण होता तो, पाडव्याचा. आम्ही बौद्ध. घरात पूजाअर्चा नाही. पण आई म्हणाली, “त्यांच्यात करतात ना? मंग करायचा. आपल्याला रीत न्हाय असं कोनी म्हनू नये.”

आई पडघ्याच्या पलीकडच्या खेड्यातली. तिच्याकडे दिवाळीला नव्या तांदळाचं पीठ, त्यात किसलेली काकडी, गूळ, आणि हळदीच्या पानात वाफवलेले पानगे. सोबत वालाचं बिरडं, उकडलेले करांदे. भावाकडून गावाहून काकड्या मागवल्या. आठवडाभर घरात मासळी आणली नाही. वास राहायला नको म्हणून. मासळीशिवाय बाबांना घास उतरत नाही. आठवडाभर गप जेवले.

माझं सासर भिवंडीतच. मास्तर, कारकून, वकील अशा माणसांचं जुनं घराणं. नवरा आणि मी एकाच गोडाऊनच्या ऑफिसात बिलं बनवायचो. लग्नाआधी दोन वर्षं तो आमच्याकडे येऊन जेवायचा. आईच्या बिरड्याचं भांडं पुसून खायचा.

त्या दिवशी सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाण्याची बाटली घरून आणली होती. ताटं मांडल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, “आज गुरुवार. आमचा दोघांचा उपास असतो.” सासरे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “मलाही फारशी भूक नाही.”

सकाळी सासरी पोहे मी केले होते. सासूबाईंनी दोनदा घेतले होते.

हे सगळं बाबांना ऐकू गेलं नाही. म्हणून ते वाढायला वाकले. म्हणून मी ओरडले.

निघताना आईने मला दारात धरलं. “खरंच उपास व्हता का गं?”

मी म्हटलं, “हो.”

“मंग करांदे चालतील की! कंद चालतो उपासाला.” ती धावत आत गेली. डबा भरून आणला. सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाई हसल्या. “कशाला एवढं,” म्हणाल्या.

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर झाडू मारणारी बाई होती. रिक्षातून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी डबा तिला दिला. “घे, सणाचं आहे.” डबासुद्धा दिला.

वर आलो. ओट्यावर कुकर तयार. वरण-भात, बटाट्याची भाजी, फ्रिजमध्ये श्रीखंड. निघायच्या आधीच सगळं करून ठेवलेलं.

“चल, पानं घे. भूक लागली असेल तुला.”

मी म्हटलं, “तुमचा उपास आहे ना?”

सासूबाईंनी कुकरचं झाकण काढलं. आवाज चढवला नाही त्यांनी. त्या कधीच चढवत नाहीत. “मग काय त्यांना तोंडावर सांगायचं होतं? मी त्यांचा मान राखला.”

नवरा म्हणाला, “सणाच्या दिवशी नको ना आता.” आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली.

मी चपला घातल्या. रिक्षा करून कामतघरला आईकडे गेले.

आई जमिनीवर बसून पानगे खात होती. बाबा झोपले होते. मी म्हटलं, “उपास नव्हता, आई. मी खोटं बोलले.”

“म्हाईत हाय. पाडव्याला कोन उपास धरतं?”

“मग करांदे का दिलेस?”

“तुला त्यांच्यासंगं जायाचं व्हतं. रिकाम्या हाती कशी धाडू?”

मी रडले. ती रडली नाही. बाबांकडे बोट करून म्हणाली, “त्यांना सांगू नको.” मी सांगितलं नाही. एक पानगा खाल्ला आणि संध्याकाळी सासरी परत आले. दुसरं काय करणार होते? तिथेच राहते अजून. तिथलंच पीठ मळते.

आता माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात तिचं उष्टावण. सासूबाईंनी हॉल बघून ठेवला, चांदीची वाटी आणली. परवा मी सांगितलं, उष्टावण कामतघरला होईल. पहिला घास माझे बाबा भरवतील. नवऱ्याला मी विचारलंही नव्हतं.

काल जाऊन बाबांना पाडव्याचं सगळं सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, दार उघडं ठेवून. बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, “आनि मी आग्रह करत व्हतो.”

रात्री सासूबाई म्हणाल्या, “तिथे आम्ही यायचं कसं?”

“या ना,” मी म्हटलं. “ताटं सगळ्यांची मांडणार. बाबा वाढणार. जेवायचं नसेल तर का नाही, ते त्यांना तुम्ही सांगायचं. त्यांच्या कानात, मोठ्याने. मी आता ओरडणार नाही.”